आधी पात्रे की आधी परिसर?
व्हिडिओ गेमसाठीच्या थ्रीडी कलेतील पात्रे, परिसर आणि ॲनिमेशन ही तिन्ही अंगे एकदमच शिकावीत का, असे म्हापशाच्या ज्या विद्यार्थ्याने विचारले आहे, त्याला मिळालेला ‘आधी झेडब्रश’ (संगणकावर शिल्पे घडवण्याचे सॉफ्टवेअर) हा सल्ला मला घाईचा वाटतो. शिल्प कितीही सुंदर साधले, तरी त्याचा पृष्ठभाग बनवणाऱ्या लाखो बहुभुजांवरून खेळात चालेल असे हलके जाळे पुन्हा बांधणे, त्याची यूव्ही उलगडणे (रंग-पोत चढवण्यासाठी पृष्ठभाग सपाट पसरणे) आणि बारकावे नॉर्मल मॅपवर (उंचसखलपणाचा भास देणाऱ्या चित्रावर) उतरवणे जमले नाही, तर ते मॉडेल खेळ चालवणाऱ्या गेम इंजिनात सहसा वापरता येत नाही. माझ्या मते आरंभ परिसरापासून करावा. ब्लेंडर हे थ्रीडी सॉफ्टवेअर मोफत आहे आणि नमुने तर दाराशीच आहेत. पणजीतील फोंतेन्हास या जुन्या वस्तीतली एकच दर्शनी भिंत घ्यावी: गिलावा उडून उघडा पडलेला चिरा, रंग विटलेली खिडकीची चौकट, पावसाळ्यात वळचणीखाली धरलेले शेवाळ. चौकटी, कंगोरे आणि पट्ट्या एकाच ट्रिम शीटवर (अनेक भागांना पुन्हापुन्हा वापरता येणाऱ्या पोताच्या चित्रावर) बसवून त्यांतून तीन वेगळी घरे उभी करता आली, तर पोर्टफोलिओ पाहणाऱ्याला पुनर्वापराची समज लगेच दिसते. (चित्रकलेचा सराव मात्र सोडू नये, प्रकाश आणि प्रमाण यांची जाण कोणतेही सॉफ्टवेअर देत नाही.) ॲनिमेशन तूर्त बाजूला ठेवले तरी चालेल, कारण मोठ्या स्टुडिओंत त्या कामासाठी बहुधा वेगळी माणसे असतात.