संमती, सहमती, एकमत, बहुमत: हायकोर्टाच्या निकालाला कुठला शब्द?

विचारणा (सोलापूर): 'दोन्ही न्यायमूर्तींच्या संमतीने अपील फेटाळले' असं बातमीत वाचलं. इथे 'संमती' चालेल का? जाणकारांनी सांगावं.

उत्तर: नाही चालणार, ताई. कोर्टात संमती असते पक्षकारांची. वादी-प्रतिवादी समेट करून पुरसीस (कोर्टाला दिलेलं लेखी निवेदन) देतात, तेव्हा संमतीचा हुकूमनामा होतो. न्यायमूर्तींचं तसं नसतं. दोघं मिळून प्रकरण ऐकतात, एक जण निकालपत्र लिहितो आणि मसुदा दुसऱ्याकडे जातो. पटला तर तोही सही करतो. तो 'सहमत' झाला. निकाल पटला पण कारणं पटली नाहीत, तर तो आपलं वेगळं निकालपत्र जोडतो. अशा वेळी अपील फेटाळण्यावर एकमत असतं, कारणांवर नसतं. बातमीत मात्र नुसतं 'एकमताने' छापून येतं. मला हे फार खटकतं, कारण पुढच्या खटल्यात वकील बोट ठेवतो ते कारणांवरच.

'बहुमता'चं त्याहून नाजूक आहे. दोघांत मतं फुटली तर बहुमत होणार कसं? प्रकरण तिसऱ्या न्यायमूर्तींकडे जातं. मुंबई हायकोर्टातलं केंद्राच्या तथ्य तपासणी कक्षाचं प्रकरण आठवा. केंद्राच्या कारभाराबद्दलचा ऑनलाइन मजकूर खोटा आहे का, हे ठरवणाऱ्या कक्षाची तरतूद नियमांत केली होती. ३१ जानेवारी २०२४ ला न्या. गौतम पटेल यांनी ती तरतूद रद्दबातल ठरवली, न्या. नीला गोखले यांनी वैध ठरवली. मग २० सप्टेंबरला न्या. अतुल चांदूरकर यांचं मत पटेलांच्या बाजूने पडलं. दोनास एक; इथे 'बहुमताने' अगदी बरोबर.

फौजदारी अपिलात मात्र तो शब्द वापरू नका. फौजदारी कामकाजाची पद्धत ठरवणाऱ्या नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ४३३ (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत ३९२) सांगतं की दोघांची मतं तिसऱ्यांपुढे ठेवायची आणि निकाल तिसऱ्यांच्या मतानुसार द्यायचा. तिथे मतं मोजत नाहीत. तिसऱ्यांनी दोघांपैकी एकाशी जुळवूनच घ्यावं असंही बंधन नाही. म्हणून 'तिसऱ्या न्यायमूर्तींच्या मतानुसार' असंच लिहावं, लांबलं तरी चालेल.

दुसरं उत्तर: यात 'खंडपीठ' हा शब्दही घ्यायला हवा. १८ ऑगस्ट २०२५ पासून आपल्या सोलापूर जिल्ह्याची हायकोर्टातली प्रकरणं कोल्हापूरला चालतात, तारखेसाठी मुंबईची रात्रीची सिद्धेश्वर एक्स्प्रेस पकडायची गरज उरली नाही. ते आहे सर्किट बेंच, म्हणजे हायकोर्टाचं बाहेरगावी बसणारं पीठ, कायमचं खंडपीठ नव्हे; पण सगळे म्हणतात कोल्हापूर खंडपीठ. दोन न्यायमूर्ती एकत्र बसले की त्यांनाही खंडपीठच म्हणतात. त्यामुळे 'कोल्हापूर खंडपीठाचा निकाल' वाचून तो एकट्या न्यायमूर्तींचा की दोघांचा, हे पक्षकाराला कळत नाही. फरक मोठा आहे: एकलपीठाला खंडपीठाचा निकाल मानावाच लागतो. दुसऱ्या खंडपीठालाही तो पटला नाही म्हणून मोडता येत नाही, मुख्य न्यायमूर्तींकडे मोठ्या पीठासाठी पाठवावा लागतो. मी गावाला 'कोल्हापूर सर्किट बेंच' आणि दोघांना 'द्विसदस्यीय खंडपीठ' लिहितो.

विचारणा: आभारी आहे. मग मतं फुटली तर 'मतभेद' लिहू की 'मतभिन्नता'?

उत्तर: 'मतभिन्नता'. 'मतभेद' म्हटलं की दोघांचं बिनसलं असं वाचकाला वाटतं, आणि तेच दोघं दुसऱ्या दिवशी शेजारी बसून पुढचं प्रकरण ऐकत असतात.