हार्ड डिस्क टकटक करतेय, काय करू?

देवगडचो_बाबल्या: मंडळी, सल्ला हवाय. काकांनी टिपलेले दशावताराचे प्रयोग नि जत्रेचे व्हिडिओ एका २ टीबीच्या एक्स्टर्नल डिस्कवर आहेत. घर खाडीला लागून, पावसाळ्यात कपाटाच्या कड्यासुद्धा गंजतात. परवापासून डिस्क लावली की टक... टक... लॅपटॉपवर दिसते न दिसते तोच गायब. शेजारी म्हणतो तांदळाच्या डब्यात ठेव. ठेवू?

मालवणी_तडका: मेल्या, तांदूळ पेजेक ठेव!

गुहागरकर: पुन्हा पुन्हा लावून बघू नकोस. फार तर एकदा केबल बदलून पाहा, वीज कमी मिळाली तरी असाच आवाज येतो. आत काचेच्या किंवा अ‍ॅल्युमिनियमच्या चकत्या असतात, त्यांवर कोबाल्टच्या मिश्रधातूचा पातळ थर. पोर्टेबल डिस्कमध्ये त्या बहुधा मिनिटाला ५४०० फेरे घेतात आणि हेड, म्हणजे हलत्या हाताच्या टोकाचा वाचणारा-लिहिणारा भाग, त्यांच्यावर काही नॅनोमीटर उंचीवर, हवेच्या झोतावर तरंगतं. लिहिताना ते थरातलं चुंबकत्व या दिशेला नाहीतर त्या दिशेला वळवतं. वाचताना ही दिशा जिथे बदलते तिथे हेडमधल्या सेन्सरचा विद्युतरोध बदलतो, त्यावरून ० आणि १ उलगडतात. आपण कुठल्या ट्रॅकवर (चकतीवरच्या गोल पट्टीवर) आहोत हे हेडला चकतीवर कारखान्यातच लिहिलेल्या खुणांवरून कळतं. त्या वाचता आल्या नाहीत की हेडचा हात मागे येतो, पुन्हा शोधायला जातो. तुझी टकटक बहुतेक तीच. व्हिडिओ अजून चकतीवर शाबूत असू शकतात, पण बिघडलेलं हेड थर खरवडून टाकेल.

कणकवलीची_सून: पण डिस्क सीलबंद असते ना? दमट हवा आत जातेच कशी?

गुहागरकर: ताई, साध्या डिस्कला बारीक भोक असतं, आतबाहेरचा दाब सारखा राहावा म्हणून. फिल्टर धूळ अडवतो, ओल पूर्ण नाही. ते भोक चिकटपट्टीने बुजवू नका. हेलियम भरलेल्या डिस्क मात्र पक्क्या बंद.

देवगडचो_बाबल्या: केबल बदलली, टकटक तशीच. स्क्रू काढून बघू?

गुहागरकर: अजिबात नको! धुळीचा कणसुद्धा हेड आणि चकतीमधल्या फटीपेक्षा कितीतरी मोठा. क्लीनरूम (धूळमुक्त खोली) असलेल्या डेटा रिकव्हरीवाल्याकडे दे, खर्चाचा अंदाज आधी लेखी घे.

कणकवलीची_सून: आणि नवीन घेताना एसएसडी, ती फिरत्या चकत्यांऐवजी चिपवर साठवणारी, बरी का?

गुहागरकर: रोजच्या कामाला उत्तम. पण वर्षानुवर्षं वीज न देता पडून राहिली तर तिच्यातला विद्युतभार हळूहळू गळतो. साठवणीला मी तरी वेगवेगळ्या कंपन्यांच्या दोन हार्ड डिस्क घेईन. एक घरी, हवाबंद डब्यात सिलिका जेलसोबत, दुसरी घाटावर कुणा नातेवाइकाकडे. सहा महिन्यांनी दोन्ही लावून फाइली उघडून बघायच्या.

देवगडचो_बाबल्या: कोल्हापुरात मावशी आहे. तिच्याकडे ठेवतो एक.