माशांच्या खाऱ्या टाकीत प्रवाळ लावायचे आहेत. जुन्या तांब्याचे काय करावे?

खारेपाणी (एडिसन, न्यू जर्सी)

नमस्कार. माझी सुमारे ४०० लिटरची खाऱ्या पाण्याची टाकी तीन वर्षांपासून चालू असून तिच्यात फक्त मासे आहेत: क्लाऊनफिशची जोडी, एक यलो टँग आणि एक पिकासो ट्रिगर. तळाशी जाड कोरल-चुरा, तीसेक किलो खडक, स्किमर (फेसातून घाण बाहेर काढणारे यंत्र) आणि साधा एलईडी दिवा आहे. नायट्रेट (माशांच्या घाणीतून पाण्यात साचणारे क्षार) ५० पीपीएमच्या (दशलक्षात ५० भाग) आसपास असते, पण माशांना त्याचा त्रास दिसत नाही. आता याच टाकीत प्रवाळ लावावेत असे मनात आहे. अडचण अशी की, गेल्या वर्षी टँगच्या अंगावर पांढरे ठिपके आले, तेव्हा दुकानदाराच्या सल्ल्याने मी तांब्याचे औषध थेट याच टाकीत महिनाभर चालू ठेवले होते. त्यानंतर पुष्कळदा पाणी बदलले, कार्बनही वापरला, आणि आता चाचणीत तांबे शून्य दिसते. एवढ्यावर निर्धास्त व्हावे, की खडक बदलावेत?

शंखशिंपले

निर्धास्त होऊ नये. माशांना सोसणारे तांबे प्रवाळ, गोगलगायी अशा जीवांना घातक ठरते. चुरा आणि खडक दोन्ही कॅल्शियम कार्बोनेटचे असल्यामुळे औषध चालू असताना पाण्यातले तांबे त्यांच्यावर बसत जाते (अशा टाकीत औषध पुन्हा पुन्हा घालावे लागते ते यामुळेच, तुम्हीही ते अनुभवले असेल), आणि पुढे ते कधी व किती सुटेल याचा नेम नसतो. घरगुती चाचणी संच माशांच्या उपचाराची मात्रा मोजण्यासाठी असतात. गोगलगायींचा जीव घेणारी अत्यल्प मात्रा त्यांत उमटेलच असे नाही.

मी स्वतः शून्य आकड्यावर विसंबून पाच टर्बो गोगलगायी सोडल्या होत्या. संध्याकाळपर्यंत एकही काचेवर चढली नाही, आणि सकाळी पाहतो तर पाचही चुऱ्यावर उताण्या पडलेल्या, पाय शंखाबाहेर लोंबलेले.

चुरा तर काढाच; नायट्रेट वाढवणारा बराचसा गाळ तिथेच साचलेला असतो. मात्र त्यात उपयोगी जिवाणूही असतात, म्हणून पाणी बदलताना दर आठवड्याला एक चतुर्थांश भागच नळीने ओढून घ्यावा. खडकांची परीक्षा बादलीत होईल: दोन-तीन दगड, ताजे खारे पाणी, हीटर आणि छोटा पंप. तीन आठवड्यांनी ते पाणी आयसीपी चाचणीला (प्रयोगशाळेत अत्यल्प धातूही मोजणारी चाचणी) पाठवा. पॉली-फिल्टरचा (धातू शोषणारी गाळणी) तुकडाही ठेवा. तांबे शोषले की तो निळसर होतो.

भरतीओहोटी

तांब्याइतकाच मोठा प्रश्न ट्रिगरचा आहे. तो प्रवाळ फारसा खाणार नाही, पण गोगलगायी, खेकडे, कोळंबी असे शेवाळ व उष्टे साफ करणारे सगळे जीव फस्त करील आणि चिकटवलेले तुकडे उचलून फेकील. त्याला दुसरे घर शोधावे लागेल.

नायट्रेट हळूहळू ५ ते १० पीपीएमवर आणा. शून्यावर आणू नका, कारण तशा उपाशी टाकीत डायनोफ्लॅजेलेट (चिकट तपकिरी थर करणारे सूक्ष्मजीव) माजतात. क्षारता ८ ते ९ डीकेएच (क्षारता मोजण्याचे एकक) आणि कॅल्शियम ४२० पीपीएमच्या आसपास असावे, परंतु आकडा गाठण्यापेक्षा तो स्थिर राहणे महत्त्वाचे. सुरुवात मऊ प्रवाळांनी, म्हणजे मशरूम आणि लेदरने करा. झोअँथिड (छोट्या फुलांसारखे दिसणारे प्रवाळांचे भाईबंद) लावल्यास हातमोजे व चष्मा घाला आणि ते चिकटलेला दगड कधीही उकळू नका. काहींत पॅलिटॉक्सिन हे घातक विष असते. दिवा मात्र बदलावाच लागेल.

तळकोकण (पुणे)

इथून वाचणाऱ्यांसाठी एक पुस्ती: भारतात कठीण प्रवाळ वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहेत, त्यामुळे त्यांची खरेदी-विक्री करता येत नाही. मालवणच्या समुद्रातला तुकडा 'आठवण म्हणून' आणणेही त्यातच आले. वरचा सल्ला अमेरिकेतल्या टाकीपुरताच समजावा.

खारेपाणी

सर्वांचे आभार. चुऱ्याचा पहिला पट्टा काल काढला. बादलीत आलेला गाळ काळ्या चहासारखा होता. तीन दगड वेगळे बुडवून ठेवले आहेत. ट्रिगर मुलीच्या हातून खातो, त्यामुळे त्याच्याविषयी घरात अजून बोलणे काढलेले नाही.