टाकीत पेट्रोल असूनही विमानाचं इंजिन बंद कसं पडतं?

रानपाखरू: मुलगी सीपीएलचं (कमर्शियल पायलट लायसन्सचं) ट्रेनिंग घेतेय. काल फोनवर म्हणाली, सरांनी अमेरिकन गायक जॉन डेन्व्हरचा विमान अपघात शिकवला, आणि इंधन पूर्ण संपलेलं नव्हतं. मग इंजिन बंद कसं पडलं? जाणकारांनी सांगावं.

जुना_मास्तर: बजाज स्कूटरचा रिझर्व्हचा कॉक आठवतो? तसाच कॉक, फक्त दोन पंखांतल्या दोन टाक्यांसाठी. कुठल्या टाकीतून इंधन घ्यायचं ते पायलटनेच ठरवायचं. चालू टाकी संपली आणि कॉक फिरवला नाही, तर दुसरीत इंधन असूनही इंजिन बंद.

डेन्व्हरचं लाँग-ईझी हे छोटं विमान हौशी माणसाने बांधलेलं. आराखड्यात कॉक पायलटच्या पुढ्यात होता. बांधणाऱ्याने तो डाव्या खांद्यामागे नेला, कारण कॉकपिटमधून इंधनाची नळी त्याला नको होती. इंधन किती ते दाखवणारे गेजही सीटमागे, त्यांवर खुणा नाहीत. कॅलिफोर्नियातल्या माँटेरे विमानतळावर मेकॅनिकने ते दिसावेत म्हणून आरसा दिला. कॉकला पक्कड लावून दांडा लांबवून पाहिला, जमलं नाही. डेन्व्हर म्हणाला, ऑटोपायलट लावून फिरवीन. इंधनही नको म्हणाला, तासभरच तर उडायचंय.

12 ऑक्टोबर 1997. टच-अँड-गो (धावपट्टीला चाकं टेकवून लगेच पुन्हा उड्डाण) करून तो किनाऱ्याकडे वळला आणि विमान समुद्रात कोसळलं. एनटीएसबीचा, म्हणजे अपघातांची चौकशी करणाऱ्या अमेरिकी सरकारी संस्थेचा निष्कर्ष असा, की कॉक फिरवायला मागे वळताना उजव्या रडरचं (विमान डावी-उजवीकडे वळवणाऱ्या सुकाणूचं) पेडल नकळत दाबलं गेलं आणि ताबा सुटला. इतक्या कमी उंचीवर इंजिन खोकायला लागल्यावर ऑटोपायलट लावत बसायला वेळ कुणाला असतो? मला विचाराल तर पक्कड आणावी लागली तिथेच उड्डाण रद्द व्हायला हवं होतं.

सह्यकडा: पण हे घरगुती विमान. ट्रेनिंगच्या विमानांत असं होत नसेल ना?

जुना_मास्तर: होतं की. एनटीएसबीच्याच आकड्यांनुसार 2011 ते 2015 या काळात अमेरिकेत इंधनाच्या गलथानपणातून वर्षाला सरासरी 50 हून जास्त अपघात झाले. 56 टक्क्यांत इंधन खरंच संपलं होतं, 35 टक्क्यांत विमानात असून इंजिनपर्यंत पोचलं नाही. आणि यात सगळे नवशिके नव्हेत, जवळपास निम्म्यांकडे कमर्शियल किंवा त्यावरचं लायसन्स!

सेसना 172 मध्ये कॉक ‘बोथ’वर, म्हणजे दोन्ही टाक्यांवर ठेवता येतो. पायपर चेरोकीत डावी नाहीतर उजवी, ‘बोथ’ नाहीच. तिथे टाकी बदलल्याची वेळ गुडघ्यावरच्या पॅडवर लिहायचीच. गेजवर विसंबू नये, टाकीत डिपस्टिक बुडवून बघावं. रानपाखरू, कन्या कुठलं विमान उडवते?

रानपाखरू: पायपर! आत्ताच विचारलं. म्हणाली, “बाबा, दर अर्ध्या तासाला टाकी बदलते, आता झोपा.”