उत्सर्जन म्हणजे नेमकं काय सोडायचं?

पणजीकरीण: फेब्रुवारी 2024 मध्ये गोव्यात बेतूलला भारत ऊर्जा सप्ताह झाला, त्यानंतर माझ्याकडे तेलधंद्याची पत्रकं भाषांतराला यायला लागली. परवा कार्बन एमिशन कमी करण्याला ‘कर्ब उत्सर्जन घटवणे’ असं लिहिलं आणि आठवीतली भाची खिदळली. तिच्या पुस्तकात उत्सर्जन मूत्रपिंडं करतात! दुसरा शब्द आहे का?

अंत्रुजकार: श्रावणीला जानवं बदलताना उपाकर्म-उत्सर्जन करतात, तिथे कुठे आली मूत्रपिंडं? उत् + सृज्, म्हणजे सोडणं. विसर्जन त्याच धातूचं. शब्द निर्दोष आहे, भाचीला समजवा.

वास्कोवाली: मला ‘कर्ब’च खटकतो. सेंद्रिय कर्ब शेतात हवा, हवेतला कर्ब नको, वाचणाऱ्याने काय समजायचं? आमच्याकडे बंदरावर कोळसा उतरतो. सकाळी पुसलेल्या खिडकीवर संध्याकाळी बोट फिरवलं की काळं. आजी ‘कोळशाचो धुल्ल’ म्हणायची. पोर्तुगीज कार्व्हाँव आणि कार्बन एकाच लॅटिन घरातले, मग सरळ कार्बनच लिहा की.

अंत्रुजकार: म्हणजे पोर्तुगीज चालेल, संस्कृत नको. वा!

जुना रिगवाला: समुद्रातल्या मुंबई हाय तेलक्षेत्रावर अकरा वर्षं काढली. तेलासोबत वर आलेला वायू न्यायची सोय नसली की लांब दांड्याच्या टोकाला जाळतात. तो फ्लेअर. आमचा आचारी त्याला दिवटी म्हणायचा. तुमच्या पत्रकात वायू जाळणं आणि तसाच सोडणं, दोन्ही ‘उत्सर्जन’ असेल तर घोळ आहे. न जाळलेला मिथेन 20 वर्षांच्या हिशेबात कार्बन डायऑक्साइडच्या 80 पटींहून जास्त तापवतो. 2030 पर्यंत रोजचं जाळणं थांबवायचं, असा जागतिक बँकेचा उपक्रम आहे. त्याचं भाषांतर ‘ज्योत विझवा’ केलंत तर अनर्थ! वायू पाइपात घालायचा किंवा परत जमिनीत दाबायचा, मग दिवटी आपोआप विझते.

पणजीकरीण: दिवटी झकास!

अंत्रुजकार: पालखीपुढची दिवटी तेलविहिरीवर? काहीतरीच.

वास्कोवाली: का हो? ‘दिवटे चिरंजीव’ चालतात ना घरोघरी?

जुना रिगवाला: आमच्याकडे दोन आहेत.

पणजीकरीण: पत्रक काल छापायला गेलं, ‘उत्सर्जन’सकट. आता पुढचं. ग्लासगोच्या हवामान परिषदेत 2021 मध्ये आपण 2070 चं जे नेट झिरो (जितकं सोडू तितकंच शोषून घेऊ) कबूल केलं, ते निव्वळ शून्य की नक्त शून्य?

अंत्रुजकार: नक्त म्हणजे रात्र. नक्तव्रत ऐकलं नाही?

वास्कोवाली: बँकेत नक्त म्हणजे नेटच. चला, बसा आता.