मदत हवी आहे: लिनक्स मिंट सुरूच होत नाही, कर्नल पॅनिक येतंय, फॉरमॅट न करता काही होईल का?

नमस्कार मंडळी, ऐरोलीला घरी असेम्बल केलेला जुना डेस्कटॉप आहे, त्यावर फक्त लिनक्स मिंट २१, विंडोज नाही, आणि टाकतानाच डिस्क एन्क्रिप्ट केली होती. शनिवारी आईने अपडेट मॅनेजरमधून अपडेट लावले आणि मध्येच सेक्टरची लाइट गेली, यूपीएसनेही दगा दिला. आता चालू केलं की मदरबोर्डचा लोगो येतो, मग काळ्या स्क्रीनवर पांढऱ्या अक्षरांची रांग आणि शेवटी 'कर्नल पॅनिक' (कर्नल म्हणजे सिस्टिमचा गाभा), 'अनेबल टू माउंट रूट एफएस ऑन अननोन-ब्लॉक(०,०)', बस, तिथेच थिजतं. आणि हो, पूर्वी सुरुवातीलाच डिस्कचा पासवर्ड मागायचं, आता मागतच नाही.

मिंटच्या पेन ड्राइव्हवरून बूट केलं तर डिस्क दिसते, पासवर्ड टाकला की उघडते पण. आजी जात्यावर म्हणायची त्या ओव्या आई तिच्या तोंडून ऐकून लिब्रेऑफिसमध्ये टाइप करतेय, आजी आता फार थकलीय, म्हणून आधी ते फोल्डर कॉपी करून घेतलं. पण आईचा हात बसलाय तो कीबोर्ड लेआउट, फॉन्ट, सगळं या मशीनवर लावलेलं आहे, ते मोडायचं नाहीये. जवळचा रिपेअरवाला म्हणतो हार्ड डिस्क गेली, फॉरमॅट मारून विंडोज टाकतो. मला पटत नाही, डिस्क गेली असती तर फाइल इतक्या सरळ कॉपी झाल्या असत्या का? जुना कर्नल लावून बघितला असता पण ग्रबचा, म्हणजे सुरुवातीला कर्नल निवडायचा, मेनूच दिसत नाही.

घोडबंदरवाला: फॉरमॅट अजिबात मारू देऊ नका, डिस्क ठीक दिसतेय. पासवर्ड मागत नाही हीच खूण आहे. तो मागायचं काम इनिटरॅमएफएस करतं, म्हणजे कर्नलसोबत लोड होणारी छोटी इमेज, नवीन कर्नल बसला पण त्याची इमेज बनलीच नाही की रूट, म्हणजे सिस्टिम असलेला डिस्कचा मुख्य भाग, सापडत नाही आणि नेमकी हीच एरर येते. लोगो गेल्या गेल्या एस्केप एकदाच दाबा, जुना बायॉस असेल तर शिफ्ट दाबून धरा, मेनू येईल, अॅडव्हान्स्ड ऑप्शन्समधून आधीचा कर्नल निवडा. सुरू झालं की टर्मिनलमध्ये डीएफ -एच करून बूट पार्टिशन (कर्नल आणि त्यांच्या इमेज ठेवलेला डिस्कचा भाग) किती भरलंय ते सांगा. एन्क्रिप्शन घेतलं की ते वेगळं आणि लहान असतं, जुने कर्नल साठून साठून भरतं, मला लाइटपेक्षा त्याचाच संशय जास्त आहे.

धागाकर्ता: दादा, सुरू झालं!! पासवर्ड मागितला, आईचा डेस्कटॉप जसाच्या तसा आला, खूप खूप आभार. बूट १०० टक्के भरलंय, बरोबर बोललात. आता कुठले कर्नल काढू?

घोडबंदरवाला: यूनेम -आर टाका, तो दाखवेल तो आत्ता चालू असलेला, त्याला हात लावायचा नाही. त्याहून जुने अपडेट मॅनेजरच्या व्ह्यू मेनूत लिनक्स कर्नल्स आहे तिथून काढा. जागा झाली की सुडो डीपीकेजी --कॉन्फिगर -ए, अर्धवट राहिलेलं काम ते पूर्ण करेल आणि इमेजही बनवेल, मग सुडो अपडेट-ग्रब. कर्नल काढताना अडलं तर जी एरर येईल ती पूर्ण इथे टाका, आणि रीस्टार्ट केल्यावर नवीन कर्नलने पासवर्ड मागितला का तेही कळवा.