झाडी काढून शेत केलं तर पाऊस घटतो का?

माळरान: बेळगावजवळच्या खानापूर-जांबोटीकडे ऐन, किंजळ, जांभळाची झाडी काढून भात-रताळी करतात. त्यानं पाऊस कमी होतो हे खरं, की नुसतं बोलणं?

ढगवेडा: जून ते सप्टेंबरचा पाऊस अरबी समुद्रावरून येतो, सह्याद्री चढताना पडतो. चार एकर झाडी गेल्यानं तो हलत नाही. फरक दिसतो उन्हाळ्यात. खोल मुळांची झाडं एप्रिलातही पाणी वर खेचतात. एकरावरून १ मिमी बाष्प म्हणजे सुमारे ४,००० लिटर, आणि लिटरमागे साधारण २.४ मेगाज्यूल उष्णता त्यात खर्ची पडते. भात काढून उघड्या पडलेल्या शेतात तीच उष्णता माती नि हवा तापवते. मोठा सलग पट्टा मोकळा झाला तर वळवाच्या ढगांवरही परिणाम होऊ शकतो.

ऊसकरी: मग ऊस लावावा की! उन्हाळाभर हिरवा.

ढगवेडा: भिजवलेला ऊस हवा गार ठेवतो, बरोबर. पण ते पाणी विहिरीचं नाहीतर मलप्रभा नदीचं.

बांधावरून: पश्चिमेच्या बांधावर दक्षिणोत्तर दोन ओळी झाडं लावा. उंचीच्या दहापट अंतरापर्यंत वारा मंदावतो. भिंतीसारखी दाट नकोत, निम्मा वारा आरपार जावा. नाहीतर मागे भोवरे होऊन पीक लोळतं. आणि पर्जन्यमापक झाडापासून त्याच्या उंचीच्या दुप्पट तरी लांब ठेवा. फांदीखाली ठेवून ‘पाऊस घटला’ म्हणणारे पुष्कळ!